कास्परचा मासा, ब्लासिअसचं नाव

आमच्या तळावर कोणालाही कोणाला हाक मारायची असली की आधी माझ्या स्वयंपाकघरात यावं लागतं. कारण सोपं आहे. मी लग्न केलेलं नाही. मानुस बेटावरून इथे किंबेच्या उपसागरात पाण्यात बुड्या मारायला येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक करायला आले आणि पातेल्यांतच रमले. नवरा नाही म्हणून सासरा नाही, दीर नाही, टांबू नाही. टांबू म्हणजे मेहुणा. पण नुसता मेहुणा नव्हे, ज्याचं नाव तोंडातून काढायचं नाही असा माणूस. त्या बंदीलाही टांबूच म्हणतात. सासऱ्याचं, बायकोच्या भावाचं किंवा बहिणीच्या नवऱ्याचं नाव चुकून जरी घेतलं, तरी भर गावात त्याची अब्रू काढल्यासारखं होतं आणि घेणाऱ्याला दंड म्हणून डुक्कर द्यावं लागतं. मग होडीवरच्या मेहुण्याला जेवायला बोलवायचं कसं? "हर्मिना, जरा त्याला हाक मार गं!" मी दारात येऊन ओरडते. सगळ्या गावाच्या मेहुण्यांसाठी ओरडून माझा आवाज असा घोगरा झालाय.

म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. गावातल्या दुसऱ्या कोणी सांगायला घेतली तर त्यातली निम्मी नावं गाळावी लागतील.

ब्लासिअस आमच्या मोठ्या होडीचा तांडेल. आडव्या बांध्याचा, हळू बोलणारा. पाणबुड्यांच्या टाक्यांत हवा भरायचं यंत्र तोच सांभाळतो, त्यामुळे बोटं कायम वंगणाने काळी. माणूस इतका सरळ, की माझ्याकडून सुरी नेली तर धार लावून परत आणील. मूळचा तो वितू बेटांवरचा. लुडविनाशी लग्न केलं आणि तिच्याच गावात राहिला. आमच्याकडे जमीन, झाडं, समुद्रातले खडकसुद्धा आईच्या कुळाकडून येतात, म्हणजे इथलं सगळं लुडविनाचं आणि तिच्या भावाचं. ब्लासिअस घरजावई. राबायला सगळ्यांच्या पुढे, पण एखाद्या नारळाच्या झाडाकडे बोट दाखवून हे माझं म्हणावं, तर तसं झाड या किनाऱ्यावर नव्हतं.

लुडविनाचा भाऊ कास्पर. तोही आमच्याच होडीवर, पाहुण्यांना पाण्याखाली वाट दाखवायला. अंगाने काटकुळा, तोंडाने अखंड चालू. सुपारी आणि चुना तोंडात असला तरी त्याची टकळी थांबत नाही. मेहुण्याचं नाव घ्यायचं नाही, पण थट्टा करायला आमच्यात कुणाची मनाई नाही, आणि कास्परने ती सवलत पुरेपूर वापरली.

"टांबू, बाक आरामाचा आहे ना? माझ्या आजीच्या झाडाचा आहे, म्हणून विचारलं."

सगळे हसायचे. ब्लासिअसही हसायचा. मग थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून उठायचा आणि जमिनीवर जाऊन बसायचा. कास्परच्या हे कधी लक्षात आलं नाही. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं. पण मनात काही नसलेली माणसंच जास्त लागेल असं बोलतात, हे मी स्वयंपाकघरात बसून पाहिलंय.

एकदा कास्पर निथळत माझ्याकडे आला.

"हर्मिना, ते वांगं खाली ठेव आणि ऐक. माझ्या खडकाच्या पोटात, जिथे लाल स्पंज आहे ना, तिथे एक मासोळी आहे. तुझ्या करंगळीच्या नखाएवढी. उलटी लटकून राहते छताला. तिच्या जातीत सगळ्यांच्या गालावर दोन पिवळ्या रेघा असतात. हिच्या गालावर एकच! आणि डोळ्याभोवती निळं कडं."

"एक पुसली असेल."

"मासोळीची रेघ पुसते होय गं? तुझ्या भांड्यावरचं शेवाळ आहे का ते?"

"माझ्या भांड्यावर शेवाळ काढून दाखव, मग मासोळीचं बघू."

बाहेर ब्लासिअस टाकी लावत होता. तो म्हणाला, "टांबू खोल गेला की त्याला तसंही एकाचं दोन आणि दोनाचं एक दिसतं. आधी तोंडावरची काच धुवायला सांग."

पुढे वर्षभर आम्ही त्या मासोळीने कावून गेलो. कास्पर पाहुण्यांना सांगायचा, पाद्रीबाबांना सांगायचा, बाजारात सागोचं पीठ विकणाऱ्या बायांना सांगायचा. कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी त्याने ब्लासिअसला हाताला धरून खाली नेलं. तासभर कपारीसमोर दोघे लोंबकळत राहिले. वर आल्यावर ब्लासिअस इतकंच म्हणाला, "असेल बाबा. एक रेघ आहे." कास्परला तेवढंही पुष्कळ झालं. त्या दिवशी त्याने माझ्याकडून केळ्याचे तळलेले काप दोनदा मागून खाल्ले.

पुढच्या कोरड्या हंगामात डॉक्टर इंग्रिड आली. ही बाई रोग्यांची डॉक्टर नव्हे, माशांची. तीही मोठ्या माशांची नाही. खडकाच्या भोकाभोकांत राहणारी, धड तळून खाता न येणारी चिल्लर मासळी, त्यातल्या कोणाला अजून नाव नाही हे शोधणं हा तिचा उद्योग. नेमका तेव्हा कास्पर डोंगरातल्या गावी मावशीच्या दिवसांना गेला होता. मेलेल्या मावशीसमोर मासोळीचं काय कौतुक, तो गेला.

ब्लासिअसने डॉक्टरबाईला कपार दाखवली. बाईने पिचकारीत लवंगेचं तेल नेलं होतं. ते भोकात सोडलं की मासोळ्यांना गुंगी येते आणि त्या अलगद जाळीत पडतात. संध्याकाळी बाईने काचेच्या बशीत ती मासोळी मांडली, टाचण्यांनी तिचे पर पसरले, वर ब्रशाने औषध लावलं, म्हणजे पर पसरलेलेच कडक होतात. सगळ्या पडवीला लवंगेचा वास. मी म्हटलं, "मसाला लावून झालाय, तवा ठेवू का?" बाई हसली नाही. ती मायक्रोस्कोपला डोळा लावून पराचे काटे मोजत होती, पुस्तकातली चित्रं बघत होती, परत मोजत होती. असं दोनतीन दिवस चाललं. मग ती उठून ब्लासिअसच्या यंत्राच्या खोपटात गेली.

तिथे काय झालं ते मला ब्लासिअसनेच नंतर सांगितलं.

"हिचं वर्णन अजून कोणीच केलेलं नाही," बाई म्हणाली. "ही नवी जात आहे. हिला पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

"ज्याने पाहिलं त्याचं नाव मला घेता येत नाही," ब्लासिअस म्हणाला.

इथपर्यंत तो खरंच बोलत होता. पण बाईने कुठेतरी ऐकलेलं होतं की इकडची माणसं स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायला लाजतात. तेही खोटं नाही. ती हसली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "समजलं. लाजू नकोस. नाव मी घालते."

ब्लासिअसला कळलं की बाईला काय कळलंय. समोर, अंगणापलीकडे, मी नारळ खवत बसले होते आणि भजन म्हणत होते. माझं भजन यंत्राच्या आवाजातही ऐकू जातं, तशी सगळ्यांची तक्रारच आहे. त्याच सकाळी त्याने सासऱ्याला हाक मारायला मला दारात बोलावलं होतं. वळून फक्त "हर्मिना!" म्हणायचं होतं. मी उठून आले असते, कास्परचं नाव घेतलं असतं आणि परत नारळाला लागले असते.

त्याने हाक मारली नाही. बाई निघून गेली आणि तो टाक्या भरत राहिला.

वर्ष उलटलं. तळाच्या मालकाला फोन आला, की मासोळीचं वर्णन छापून आलं, पुढे लॅटिन घराणं आणि मागे आपल्या ब्लासिअसचं नाव! आरडाओरडा झाला. कोणीतरी ब्लासिअसला उचललं. मी स्वतः टाळ्या वाजवल्या, मला काय ठाऊक? कास्पर धक्क्यावर ओला दोर गुंडाळत होता. तो माझ्याजवळ आला.

"माझ्या मासोळीला नाव ठेवलं म्हणतात. काय ठेवलं गं?"

त्याला विचारायला दुसरं कोण होतं? मी सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग हातातल्या दोराकडे बघत म्हणाला, "म्हणजे आता मला तिचं नाव घेता यायचं नाही."

मी हसणार होते, पण त्याचा चेहरा बघून राहिले. खरंच होतं ते. ती मासोळी आता त्याच्या टांबूच्या नावाची झाली होती. आणि नियम नावाला असतो, ते माणसाला ठेवलंय की माशाला हे तो विचारत नाही.

त्यानंतर एक तमाशा सुरू झाला. पाहुणे कास्परबरोबर बुडी मारून यायचे आणि विचारायचे, त्या छोट्या लाल माशाचं नाव काय? कास्पर त्यांना ओल्या अंगाने माझ्या दारात आणून उभं करायचा. "आमची आचारीण सांगेल." मी उलथनं हातात धरून लॅटिन म्हणायची. पाहुण्यांना गंमत वाटायची. कास्पर मान डोलवायचा. आणि खोपटात ब्लासिअस खाली मान घालून कुठलीतरी घट्टच असलेली चकती आणखी घट्ट करत बसायचा. कास्पर हे मुद्दाम करत होता का? मला विचाराल तर पहिल्यांदा नसेल. नंतर नंतर होता.

मग त्याने तेही सोडलं. एक दिवस पामतेलाच्या मळ्यात फळांचे घड तोडायच्या कामावर निघून गेला. समुद्राचा माणूस, पायात बूट घालून ट्रकमध्ये चढला.

ब्लासिअस इकडे सुकत चालला. लोकांनी त्याला सुखाने सुकूही दिलं नाही. बाजारात पोरं त्याला बघून गाल फुगवायची. पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात सांगितलं, बघा, आपलं नाव स्वतः सांगायला जो लाजला त्याचं नाव परमेश्वराने समुद्रात लिहिलं. सगळं देऊळ वळून त्याच्याकडे पाहत होतं. लुडविना मात्र समोर बघत होती. तिने नवऱ्याला घरी एकदाच विचारलं होतं, "माझ्या भावानेच दाखवली ना तुला ती?" तो हो म्हणाला. "मग?" तिने विचारलं. तेव्हापासून ती त्याला जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही.

प्रवचन झाल्यावर तो थेट माझ्याकडे आला. चुलीशेजारी उकिडवा बसला आणि खोपटातली सगळी हकिगत त्याने सांगितली. मी ऐकून घेतलं आणि मग त्याची सालं काढली.

"मला हाक मारायला काय झालं होतं? तोंडात सागो होता? एरवी मीठ मागायलाही माझा गळा लागतो तुम्हाला!"

"तेच तर मी मला विचारतो," तो म्हणाला. "रोज विचारतो. नियम आडवा आला असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. पण नियम नव्हता आडवा, हर्मिना. तू गात होतीस, मला ऐकू येत होतं. मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा. या गावात माझ्या नावाचं काही नाही. बाई म्हणाली, नाव मी घालते, आणि मला वाटलं, घालू दे. एवढीशी तर मासोळी आहे, नखाएवढी. कोणाचं काय जातंय."

मी त्याच्यापुढे तारोचे उकडलेले कंद आणि पालेभाजी ठेवली. त्याने खाल्ली नाही.

मीच मालकाच्या फोनवरून डॉक्टरबाईला गाठलं आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याने सगळं सांगितलं, खोटेपणासकट. पलीकडून बाई म्हणाली, की तिला वाईट वाटतं, तिनेच नीट विचारायला हवं होतं, पण एकदा छापलेलं नाव बदलत नाही. चुकीच्या माणसाचं असलं तरी नाही. जगभरचे माशांचे लोक तो नियम पाळतात. पुढच्या महिन्यात ती चित्र घेऊन येणार आहे, तेव्हा दोघांना भेटेल.

"म्हणजे यांच्यातही टांबू आहे," ब्लासिअस फोन ठेवत म्हणाला.

बाई आली. गावच्या शाळेच्या मैदानात मांडव घातला. चौकटीतलं चित्र केवढं मोठं, त्यात मासोळी हातभर लांब. पुढच्या बाकावर खडकाचे मालक, म्हणजे कास्परचं कूळ. लुडविनाने निरोप धाडून भावाला मळ्यातून बोलावून घेतलं होतं. कास्पर बूट घालून आला होता आणि ते त्याला चावत होते. त्याच्या शेजारी बाई बसली. तळाचा मालक बोलला, पाद्रीबाबा बोलले. मग ब्लासिअसला उभं केलं.

आमचं आदल्या दिवशी ठरलं होतं. तो म्हणणार, ज्याने हा मासा खरा पाहिला त्याचं नाव हर्मिना सांगेल, आणि मी पुढे होऊन सांगणार. मी धुतलेला झगा घालून, केसांत फूल खोवून तयार उभी होते.

ब्लासिअस उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

"हा मासा मी शोधला नाही," तो म्हणाला. "ज्याने शोधला, त्याला मी हसलो होतो. त्याने मला हाताला धरून दाखवला. मग डॉक्टरबाईंनी मला विचारलं आणि मी गप्प बसलो. गप्प बसून मी तो घेतला. हा मासा कास्परचा आहे."

लुडविनाने तोंडावर हात दाबला. म्हाताऱ्या बायका उठून पाठमोऱ्या झाल्या. भर सभेत, मेहुण्याच्या तोंडावर, त्याच्या कुळासमोर नाव! इथल्या कोणाच्या आठवणीत असं झालेलं नव्हतं. बाई एकटीच डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. कोणीतरी तिचे हात धरले.

कास्पर उठला. दुसरं काही करणं त्याला शक्यच नव्हतं. बूट काढून हातात घेतले आणि कोणाकडे न बघता मैदानातून चालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लासिअसने डुक्कर नेलं. लहानसहान नाही, लुडविनाने ख्रिसमससाठी पोसलेलं. असं डुक्कर पोचवताना बरोबर तिऱ्हाईत लागतो, म्हणून मी होतेच. कास्पर अंगणात जाळी शिवत होता. ब्लासिअसने डुक्कर खांबाला बांधलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

कास्परने जनावराच्या पाठीवर हात फिरवला. "चांगलं आहे," तो म्हणाला. "हे माझं नाव घेतल्याबद्दल. पोचलं."

ब्लासिअस वळायला लागला.

"थांब, टांबू," कास्पर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. "नाव घेतल्याचं डुक्कर असतं, हे आपल्याला वाडवडिलांनी सांगून ठेवलंय. त्या दिवशी खोपटात घेतलं नाहीस, त्याचं काय असतं?"

ब्लासिअसने खांबावरची गाठ सोडून पुन्हा बांधली. कास्परने त्या गाठीकडे पाहिलं आणि पुन्हा जाळी हातात घेतली.

कास्पर पुढे होडीवर परत आला. मळ्यात त्याच्याने किती दिवस राहवणार? दोघे एका होडीवर जातात, एका पातेल्यातलं खातात. थट्टा मात्र पहिल्यासारखी नाही. बाकाचा विषय कास्परने पुन्हा काढला नाही, आणि तो काढत नाही याचंच ब्लासिअसला जास्त लागतं असं मला वाटतं.

आता त्या कपारीकडे पाहुणे जायचे असले की ब्लासिअस होडी सुरू करत नाही. आधी तोंडाजवळ दोन्ही हात धरून स्वयंपाकघराकडे ओरडतो, "हर्मिना!" मी धक्क्यावर जाते आणि पाहुण्यांना सांगते, की आज तुम्ही जो मासा बघाल तो कास्परने शोधला, तो काय टोकाला बसलाय तो कास्पर. कास्पर समुद्राकडे बघत असतो. ब्लासिअस मान खाली घालून सगळं ऐकतो आणि माझं बोलून संपल्याशिवाय दोर सोडत नाही. तेलात केळी टाकलेली असतात, ती करपतात. पण तो हाक मारतो तेव्हा मी जाते.